दोन आठवड्यांचा भात, जो दोन महिने चालला

१९४२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डरहॅम शहरातील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टर केम्पनर यांच्याकडे ३३ वर्षांची एक स्त्री उपचार घेत होती. मूत्रपिंडांना जुनाट दाह, रक्तदाब १९०/१२०, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव आणि दृष्टीची नस डोळ्याला जिथे मिळते तिथे सूज. ही शेवटची खूण डॉक्टरांना सर्वांत जास्त धास्तावणारी होती. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९३९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे डोळ्यांच्या पडद्यावरून चार गट पाडले होते. नसेच्या मुखाशी सूज असलेल्या चौथ्या गटातले जेमतेम एक-पंचमांश रुग्ण वर्षभर जगत. पाच वर्षांनी जवळपास कोणीच उरत नसे.

केम्पनर यांनी तिला भात, फळे, फळांचा रस आणि साखर एवढेच खायला सांगितले आणि दोन आठवड्यांनी परत बोलावले. केम्पनर मूळचे जर्मन, त्यांच्या इंग्रजीवर जर्मन उच्चारांचा दाट ठसा. बोलणे नीट कळले नाही आणि ती आली ती दोन महिन्यांनी. मधला सगळा काळ ती तेवढेच खात राहिली होती. तपासले तर रक्तदाब १२४/८४. पडद्यावरचा रक्तस्राव आणि सूज, दोन्ही गेलेले. एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार पूर्वीपेक्षा स्पष्टपणे लहान.

पिष्टमय, अत्यल्प चरबीच्या, प्राणिजन्य पदार्थ वगळलेल्या आहाराबद्दल आज जे बोलले जाते ते बहुतेक वजनाभोवती फिरते. मला हे जुने प्रकरण त्याहून मोलाचे वाटते. इथे बदल काट्यावर नव्हे, तर डोळ्याच्या पडद्यावर आणि हृदयाच्या सावलीवर दिसला. पडद्यावरचे रक्तस्राव मनाच्या समजुतीने नाहीसे होत नाहीत. आणि या आहाराच्या बाजूने जितके बोलता येते तितकेच त्याच्या मर्यादांबद्दलही याच प्रकरणातून शिकायला मिळते.

औषधच नव्हते तो काळ

आज असा रुग्ण आला तर तासाभरात शिरेतून औषध सुरू होईल. १९४२ मध्ये तसे औषध अस्तित्वात नव्हते. पाठीच्या कण्याशेजारच्या नसांची साखळी कापण्याची मोठी शस्त्रक्रिया होती. थायोसायनेट नावाचे, विषबाधेची भीती असलेले रसायन होते. बाकी विश्रांती आणि झोपेच्या गोळ्या. वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे, तो उतरवला तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल, असे मानणारे नामवंत डॉक्टरही होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला होता. देशातले उत्तम डॉक्टर दिमतीला असलेल्या माणसाची ही कथा. लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या थायझाइड गटातले पहिले औषध, क्लोरोथायझाइड, बाजारात यायला १९५८ उजाडले.

म्हणून केम्पनर यांच्या भाताची तुलना आजच्या गोळ्यांशी करून उपयोग नाही. त्याच्या शेजारी ठेवायला तेव्हा जवळजवळ काहीच नव्हते.

मूत्रपिंडाला विश्रांती

केम्पनर यांचा जन्म १९०३ मध्ये बर्लिनचा. आईवडील दोघेही जीवाणूशास्त्रज्ञ. आई लिडिया राबिनोविच-केम्पनर यांचे क्षयरोगावरचे काम प्रसिद्ध आहे. तरुणपणी त्यांनी पेशींच्या श्वसनावर संशोधन करणाऱ्या ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम केले. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून ते १९३४ मध्ये ड्यूकला आले.

भाताची कल्पना थेट या प्रयोगशाळेतून आली. मूत्रपिंडाच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या अमिनो आम्ले नीट हाताळू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. मग तर्क असा: आजारी मूत्रपिंडावरचा प्रथिनांचा भार शक्य तितका उतरवावा, म्हणजे उरलेल्या पेशींना सावरायला उसंत मिळेल. प्रथिने कमी, मीठ कमी, चरबी कमी, तरी उष्मांक पुरेसे, असे अन्न शोधत ते भातापाशी पोचले. भातात प्रथिने थोडी पण चांगल्या प्रतीची, सोडियम जवळजवळ शून्य, चरबी नगण्य. शिवाय तो रोज खाऊन पचतो.

दोन आठवड्यांचीच मुदत देण्यामागे भीती होती. इतक्या कमी प्रथिनांवर माणूस किती दिवस तग धरेल, स्नायू झिजतील का, रक्तातली प्रथिने घसरतील का, याची खात्री त्यांना नव्हती. त्या स्त्रीच्या गैरसमजाने ही सीमा ओलांडली गेली, आणि ती परतली तेव्हा खंगलेली नव्हती, सुधारलेली होती. त्यानंतर केम्पनर आपल्या रुग्णांना महिनोन्‌महिने याच आहारावर ठेवू लागले.

ताटात नेमके काय

दिवसाला २५० ते ३५० ग्रॅम कोरडा पांढरा तांदूळ, मिठाशिवाय पाण्यात शिजवलेला किंवा वाफवलेला. ताजी किंवा डबाबंद फळे, मीठ न घातलेला फळांचा रस, हवी तेवढी साखर. तेल नाही, दूध नाही, मांस नाही, अंडी नाहीत, सुरुवातीला भाज्याही नाहीत. पाणीही मोजके, दिवसाचे द्रव ७०० ते १,००० मिलिलिटर, तेही बहुतेक रसातून. जीवनसत्त्वे वेगळी दिली जात. सगळे मिळून सुमारे २,००० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम चरबी आणि सोडियम १५० मिलिग्रॅमच्या आत. चरबीतून येणारे उष्मांक दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नसत. सुधारणा पक्की झाल्यावरच हळूहळू भाज्या आणि थोडे इतर पदार्थ मिळत.

हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. हा आहार आज सांगितल्या जाणाऱ्या अत्यल्प चरबीच्या वीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेल्या, आहारापेक्षा कितीतरी कडक होता, आणि काही बाबतींत त्याच्या उलटही. तांदूळ पॉलिश केलेला, साखर भरपूर, तंतुमय पदार्थ बेताचे. आज कोणताही आहारतज्ज्ञ अख्खे धान्य, कडधान्ये, बटाटे आणि भाज्या सुचवेल, पांढरा तांदूळ आणि साखर नव्हे. तरी ती स्त्री बरी होत गेली. का, हाच खरा प्रश्न.

मीठ की बाकी काही?

केम्पनर यांनी १९४४ मध्ये आपले अनुभव अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे मांडले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. १९४८ मध्ये त्यांनी रक्तदाबाच्या ५०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या साठ टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांमध्ये ठळक सुधारणा होती. टीका एकाच मुद्द्यावर झाली आणि तो मुद्दा योग्य होता: तुलनेसाठी वेगळा गट कुठे आहे? केम्पनर यांचे उत्तर असे की प्रत्येक रुग्णाचा आधीचा एक्स-रे, आधीचा ईसीजी आणि डोळ्याच्या पडद्याचे आधीचे छायाचित्र हीच तुलना. रूझवेल्ट यांना औषध नव्हते त्या काळात, चौथ्या गटातल्या रुग्णाच्या बाबतीत मला हे उत्तर पटते. आपोआप बरे होण्याची शक्यता जिथे नाहीच, तिथे एका रुग्णाची आधीची आणि नंतरची स्थिती पुष्कळ काही सांगते. सौम्य रक्तदाबाबाबत मात्र ते लंगडे पडते, कारण सौम्य दाब नुसत्या विश्रांतीनेही उतरतो.

मग इतर डॉक्टरांनी या आहाराचे एकेक अंग सुटे करून पाहिले. आर्थर ग्रोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये फक्त सोडियम कमी करून दाब उतरतो हे दाखवले. १९५० च्या सुमारास आणखी अभ्यास आले आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. भाताच्या आहारात मीठ परत घातले की दाब पुन्हा चढतो; म्हणजे रक्तदाबाच्या बाबतीत सर्वांत जोरकस काम सोडियमच्या तुटवड्याचे. मीठ कमी झाले की रक्तातले आणि पेशींभोवतीचे जादा पाणी निघून जाते, रक्तवाहिन्यांतला ताण उतरतो, हृदयावरचे ओझे हलके होते. त्या स्त्रीच्या हृदयाची सावली लहान दिसली ती बहुधा याचमुळे.

केम्पनर यांना स्वतःला हे अपुरे वाटे. प्रथिने कमी केल्याचा आणि एकूण चयापचय हलके झाल्याचा वाटा ते शेवटपर्यंत सांगत राहिले. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, पण वजन सारखे नाही. रक्तदाबाचे श्रेय आधी मिठाला द्यावे लागते. त्यातला काही भाग फळांतल्या पोटॅशियमला आणि वजन घटण्याला. एखादा माणूस लोणचे, पापड आणि खारट सॉस यांच्यासह वीगन आहार घेत असेल तर रक्तदाबावर त्याला या प्रकरणातला परिणाम दिसणार नाही. वनस्पतिजन्य असणे आणि मीठ कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र आल्या म्हणून १९४२ मध्ये तो निकाल लागला.

मात्र मीठ एवढ्यानेच प्रकरण मिटत नाही. मधुमेहाच्या रुग्णांमध्ये काय झाले ते पाहिले की पिष्टाचा आणि चरबीचा प्रश्न उभा राहतोच.

साखर खाऊनही

१९५८ मध्ये केम्पनर यांनी मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या १०० रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. रोजच्या उष्मांकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कर्बोदके, आणि त्यातही पांढरा भात, रस, साखर. समज असा की साखर आकाशाला भिडायला हवी. बहुतेकांमध्ये उलटे झाले: उपाशीपोटीची साखर उतरली किंवा वाढली नाही, आणि बऱ्याच जणांची इन्सुलिनची गरज कमी झाली. काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावरचे दोषही सुधारले.

याचे स्पष्टीकरण एका जुन्या निरीक्षणाशी जुळते. इंग्लंडमधल्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात दाखवले होते की जेवणात कर्बोदके वाढवून चरबी घटवली तर निरोगी माणसाचे शरीर ग्लुकोज अधिक चांगले हाताळते, आणि चरबी वाढवली तर तेच शरीर ढिले पडते. पुढे स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत साठलेली चरबी इन्सुलिनच्या संकेताच्या आड येते, हे समजले. आहारातली चरबी जवळजवळ थांबली, वजनही उतरू लागले, की पेशींमधला हा साठा रिता होत जातो आणि इन्सुलिन पुन्हा काम करू लागते. म्हणजे पिष्ट हे मधुमेहाचे मूळ नाही. बिघडलेल्या पेशीपुढे ठेवलेले पिष्ट साखर वाढवते, आणि पेशी सुधारली की तेच पिष्ट पचते. या प्रकरणातून मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे, कारण भाताला आणि बटाट्याला सरसकट दोषी धरणारे आज फार आहेत.

याचा अर्थ साखर खावी असा मुळीच नाही. पॉलिश धान्य आणि साखर जास्त असेल तर अनेकांच्या रक्तातली ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढतात. केम्पनर यांच्या रुग्णांना इतर सगळ्या गोष्टी अत्यंत कमी मिळत होत्या, आणि ते सतत डॉक्टरांच्या नजरेखाली होते.

शिस्तीची काळी बाजू

आहार फार कडक, फार बेचव. सगळ्यांना तो पाळता येत नसे. केम्पनर रुग्णांच्या लघवीतले, मिठातून येणारे क्लोराइड नियमित मोजत. ते वाढलेले दिसले की चोरून खाल्ले हे कळे. वैद्यकीय दृष्टीने ही युक्ती उत्तम होती. लठ्ठपणासाठी येणारे रुग्ण वाढले तसा या शिस्तीचा पीळ आणखी घट्ट झाला. १९७५ मध्ये त्यांनी १०६ अतिलठ्ठ रुग्णांचे निकाल छापले. सरासरी घट ६३.९ किलो. आकडा थक्क करणारा आहे, पण किमान ४५ किलो वजन उतरलेल्यांनाच त्या यादीत घेतले होते. मध्येच सोडून गेलेले, थोडेच उतरलेले, सगळे बाहेर. हा आकडा त्या आहाराच्या सरासरी यशाचा पुरावा म्हणून कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. १९९० च्या दशकात एका माजी रुग्ण स्त्रीने केम्पनर यांच्यावर खटला भरला, आणि शिस्त लावण्यासाठी काही रुग्णांना मारल्याचे त्यांनी स्वतः कबूल केले. १९९७ मध्ये ते वारले. कोणताही आहार इतका चांगला नसतो की त्यासाठी रुग्णाच्या अंगावर हात उचलावा. पाळायला असा धाक लागत असेल तर तो उपाय घरी, आयुष्यभर चालण्यासारखा नाही, हेही त्यातून दिसते.

पोटभर खाऊन

म्हणून पुढच्या पिढीतले प्रयत्न मला जास्त उपयोगी वाटतात. त्यांनी दोन्ही गोष्टी बदलल्या: साधे पिष्ट अख्ख्या रूपात घेतले आणि प्रमाणाची बंदी काढून टाकली. बटाटे, रताळी, धान्ये, मका, कडधान्ये, वर भाज्या आणि फळे. तेल नाही, प्राणिजन्य काही नाही. भूक भागेपर्यंत खा. असे अन्न पाण्याने आणि तंतूंनी भरलेले असते, चरबीच्या एका ग्रॅममागे नऊ तर पिष्टाच्या एका ग्रॅममागे चार उष्मांक, म्हणून पोट आधी भरते आणि उष्मांक मागे राहतात.

अमेरिकी डॉक्टर जॉन मॅकडूगल यांनी हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर काम करताना पाहिले होते की भात आणि भाज्यांवर वाढलेली पहिली पिढी उतारवयातही सडपातळ आणि कामसू, आणि मांस-दुधाकडे वळलेली मुले-नातवंडे लठ्ठ आणि मधुमेही. त्यांच्या सात दिवसांच्या निवासी कार्यक्रमातल्या १,६१५ जणांची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली: वजनात मध्यक घट १.४ किलो, एकूण कोलेस्टेरॉल २२ मिलिग्रॅमने खाली, वरचा रक्तदाब ८ ने आणि खालचा ४ ने उतरलेला. यातही तुलनेचा गट नव्हता, आणि आठवडा हा फार छोटा काळ.

ती उणीव इतरांनी भरली. अमेरिकी डॉक्टर नील बर्नार्ड यांच्या २००६ च्या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या ९९ जणांना दोन गटांत वाटले: एका गटाला अत्यल्प चरबीचा वीगन आहार, दुसऱ्याला अमेरिकन डायबिटीज असोसिएशनचा नेहमीचा. २२ आठवड्यांत वीगन गटातल्या ४३ टक्के लोकांची औषधे कमी झाली, दुसऱ्यात २६ टक्क्यांची. औषधे न बदललेल्यांमध्ये एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचे टक्क्यांतले माप) पहिल्या गटात १.२३ ने उतरले, दुसऱ्यात ०.३८ ने. न्यूझीलंडमधल्या २०१७ च्या एका चाचणीत पोटभर खायची मुभा असूनही सहा महिन्यांत सरासरी बारा किलोंच्या आसपास वजन उतरले, आणि वर्षअखेर त्यातले बहुतेक टिकले.

अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०२१ च्या प्रयोगातले वीस जण चार आठवडे रुग्णालयातच राहिले. दोन आठवडे अत्यल्प चरबीचा वनस्पतिजन्य आहार, दोन आठवडे अत्यल्प कर्बोदकांचा प्राणिजन्य आहार, दोन्ही वेळा हवे तेवढे खा. पहिल्या आहारावर लोक दिवसाला सरासरी ६८९ उष्मांक कमी खात, आणि दोन्हींची भूक व समाधान सारखेच. जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन मात्र याच आहारावर जास्त चढत. इन्सुलिन चढले की माणूस लठ्ठ होतोच, या सिद्धान्ताला हा निकाल अडचणीचा आहे. त्याचबरोबर, ज्याचा मधुमेह आधीच बळावला आहे त्याने जेवणानंतरची साखर मोजत राहावी, हेही यातूनच निघते.

आज अशी रुग्ण आली तर

१९४२ च्या त्या स्त्रीसारखी रुग्ण आज आली तर आधी औषध, मग आहार. डोळ्यात सूज असताना भाताचा परिणाम दिसण्याची महिनाभर वाट पाहणे चूक ठरेल. आहार मात्र त्याच दिवसापासून सुरू करता येतो, आणि रक्तदाब उतरत गेला की गोळ्या डॉक्टरांनी कमी करायच्या.

इथेच सर्वांत मोठा धोका आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी घेणारा रुग्ण अशा आहारावर गेला तर साखर काही दिवसांत इतकी उतरू शकते की जुन्या मात्रेने तो बेशुद्ध पडेल. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच: उभे राहताना चक्कर, पडणे. लघवी वाढवणारी गोळी आणि अतिकमी मीठ एकत्र आले तर रक्तातले सोडियम घसरते. पहिल्या आठवड्यापासून घरी साखर आणि दाब मोजायला हवा, आणि मात्रा कोण, कधी बदलणार हे आधी ठरवायला हवे.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी फळे, रस आणि बटाटे मनाने वाढवू नयेत. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केम्पनर यांच्या रुग्णांची रक्त-लघवी सतत तपासली जात होती, हे विसरून त्यांचा आहार घरी उतरवणे धोक्याचे आहे.

बी-१२ जीवनसत्त्व या आहारात नसते. ते गोळीतून घ्यायलाच हवे, वर्षानुवर्षे. उणीव व्हायला वेळ लागतो आणि नसांची हानी कधीकधी परत भरून येत नाही. कॅल्शियम आणि पुरेशी प्रथिने याकडेही लक्ष हवे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात वीगन लोकांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. बारीक, वयस्क स्त्रियांनी हे विशेष मनावर घ्यावे. कडधान्ये रोज, व्यायामात थोडे वजन उचलणे, आणि गरज असेल तर ड जीवनसत्त्व. वाढती मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी इतकी कमी चरबी मी सुचवणार नाही.